पुण्यात डाउनहिल सायकल: तीन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, सगळ्या हिशोबासकट

मागच्या महिन्यात कोथरूडला सिग्नलला थांबलो होतो, गाडीच्या मागे रॅकवर सायकल बांधलेली, तर शेजारच्या स्कूटरवरचा एक मुलगा, असेल अठरा-एकोणीसचा, हेल्मेटची काच वर करून विचारतो, "दादा, डाउनहिल आहे ना ही? केवढ्याला पडते?" मी तोंड उघडेपर्यंत सिग्नल सुटला आणि तो गेला. तेव्हापासून डोक्यात आहे की या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहून काढायचं, कारण मी घेतली तेव्हा मला मराठीत कुठेच काही सापडलं नव्हतं.

आधी सायकल काय आहे ते सांगतो. डाउनहिल म्हणजे फक्त डोंगरावरून वेगाने खाली यायला बनवलेली सायकल. २०१८ चं मॉडेल, अॅल्युमिनियमची फ्रेम, २७.५ इंची चाकं, पुढे रॉकशॉक्सचा बॉक्सर फोर्क (पुढचं चाक धरणारे, दणके झेलणारे दोन पाय), मागे कॉइल स्प्रिंगवाला शॉक, पुढे-मागे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (म्हणजे चाक एवढं वर-खाली होऊ शकतं), स्रॅमचे कोड ब्रेक, सात गिअर. वजन साडेसोळा किलो. दिवाळी २०२२ ला बंगलोरच्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतली, १ लाख ९० हजाराला, तो परदेशी चालला होता म्हणून देऊन टाकली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण यात बरीच लोकं फसतात. पंचवीस-तीस हजाराच्या सायकलवर दोन शॉक आणि दोन डिस्क असल्या आणि दांड्यावर डाउनहिल असा स्टिकर असला म्हणून ती डाउनहिल होत नाही. ती सोसायटीत, रस्त्यावर चालवायला ठीक आहे, पण खडकाळ उतारावर घातली तर फ्रेमचं वेल्डिंग तुटून जीवावर बेतू शकतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढचा फोर्क बघायचा. खऱ्या डाउनहिल सायकलच्या फोर्कचे दोन्ही पाय हँडलपर्यंत वर आलेले असतात आणि फ्रेमच्या डोक्याच्या खाली एक आणि वर एक अशा दोन पट्ट्यांनी बांधलेले असतात, मोटरसायकलसारखे. त्याला ड्युअल क्राउन म्हणतात. पुढचा अॅक्सल २० मिलिमीटर जाड. आणि मागची सगळ्यात मोठी चकती २५ दातांच्या आसपास, कारण चढावर जायचा विचारच त्या सायकलच्या डिझाइनमध्ये नाहीये. आजकालच्या साध्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, मागे ५१-५२ दातांची चकती असते, म्हणजे भिंत चढता येईल. माझ्या सायकलवर चांदणी चौकाचा साधा चढसुद्धा ढकलत न्यावा लागतो.

आता नवी घ्यायची तर काय? आपल्याकडे शोरूममध्ये ठेवलेली डाउनहिल सायकल मला तरी पुण्यात दिसली नाही, ऑर्डर देऊन मागवावी लागते. समजा बाहेर ४,००० डॉलरची आहे, म्हणजे साधारण साडेतीन लाख. त्याच्यावर आयात शुल्क, जे २०२३ च्या बजेटमध्ये ३० वरून ३५ टक्के केलं. मग त्या सगळ्यावर जीएसटी, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, ही एक बरी गोष्ट. तरी सगळं धरून पाच लाखाला भिडते, शिपिंग वेगळं. आणि हे मधल्या मॉडेलचं झालं, कार्बनच्या वरच्या सायकली याच्या दुप्पट असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे की पहिली डाउनहिल सेकंडहँडच घ्या, कारण या सायकली वर्षातले मोजके दिवस चालतात, फ्रेमला सहसा काही झालेलं नसतं, आणि झिजतं ते सगळं बदलता येतं.

माझी सायकल घरी आली तेव्हा आई म्हणाली, "अरे एवढ्यात तर अॅक्टिव्हा आली असती, वर पैसे उरले असते." तिचं चूक नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. बाबा वीस वर्षं सायकलने खडकीला फॅक्टरीत जायचे, उन्हात, पावसात, डबा हँडलला. ते पार्किंगमध्ये आले, मागचं चाक हाताने जरासं उचललं, पॅडल फिरवून सोडून दिलं आणि कान खाली नेऊन ऐकत राहिले. चाक फिरून फिरून थांबलं तेव्हा म्हणाले, "हब चांगलंय. पण इथं कुठंतरी कचकच आहे." आणि बोट ठेवलं ते बरोबर मागच्या स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या भागाच्या, जोडावर. बेअरिंग गेलेलं होतं. मला दोन दिवस कळलं नव्हतं.

तर पहिला खर्च तो निघाला. मागच्या सस्पेन्शनच्या जोडात नऊ बेअरिंग आहेत. कंपनीचा किट मागवला तर बरेच पैसे आणि महिनाभर थांबणं. पण बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, माझ्यात ६९०२ निघालं, म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिलिमीटर, जगभर हेच माप. भोसरीत एमआयडीसीत बेअरिंगवाल्याकडे गेलो, त्याने खोका काढून समोर ठेवला, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली मागितली, नऊच्या नऊ २,२०० रुपयात आली. ब्रेकचंही तसंच, स्रॅमच्या कोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड चालतं, ते नाना पेठेत कुठल्याही टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, फक्त सीलबंद छोटी बाटली घ्या कारण उघडी बाटली हवेतलं पाणी ओढून घेते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मात्र मिनरल ऑइल लागतं, ते वेगळं, एकाचं दुसऱ्यात चुकूनसुद्धा घालू नका, आतले रबर सील फुगून ब्रेक कायमचा जातो. डाउनहिलमध्ये ब्रेक जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मोटरसायकली आणि कारखान्यांच्या गावात राहण्याचा हा फायदा आहे, मला तो घेतल्यावर कळला. बाहेरून मागवाव्यात अशा वस्तू फार नाहीत. सील किट, टायर, ब्रेक पॅड आणि स्प्रिंग, बस.

स्प्रिंगचं जरा सविस्तर सांगतो कारण याच्यावर सगळा खेळ आहे. कॉइल शॉकच्या स्प्रिंगवर ती किती कडक आहे त्याचा आकडा छापलेला असतो, माझ्या सायकलवर ५०० होता. आधीचा मालक नव्वद किलोच्या वरचा होता आणि मी ७४, हेल्मेट-पॅड सगळं चढवून ७९. सायकलवर नुसतं उभं राहिल्यावर शॉक त्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण ३० टक्के दबायला हवा, त्याला सॅग म्हणतात. माझा त्याहून बराच कमी दबत होता. पहिले दोन महिने मला वाटत होतं की मलाच जमत नाहीये, मागचं चाक प्रत्येक दगडावर उडायचं, कमरेत दणके. मग ४०० ची स्प्रिंग मागवली, ४,५०० ला, घरी बसून वीस मिनिटात बदलली, आणि त्याच डोंगरावर त्याच दगडांवरून सायकल अशी गेली की मी खाली येऊन पाच मिनिटं तिच्याकडे बघत बसलो. पाच लाखाची सायकल आणि चुकीची स्प्रिंग असेल तर ती तीस हजाराच्या सायकलसारखीच चालते, हे लक्षात ठेवा.

आता चालवायची कुठे, हा खरा पुण्याचा प्रश्न. सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव वेताळ टेकडी येतं. मी तिथे ही सायकल नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नका असं मनापासून सांगतो. सकाळी तिथे आजी-आजोबा चालायला असतात, मुलं असतात, मोर असतात, वाट जेमतेम एका माणसाची, आणि ताशी ३०-४० च्या वेगाने वळणावरून सोळा किलोचं धूड आलं तर समोरच्याने करायचं काय? सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट तर विषयच नको, रविवारी तिथे ट्रेकर्सची रांग असते. शहरातल्या टेकड्यांवर चालणाऱ्यांचा हक्क पहिला. एखाद्याला धडकून आपण सगळ्यांसाठी टेकडी बंद करून घेऊ.

आम्ही मुळशीकडे जातो. आमच्यातल्या एकाच्या नात्यातलं शेत आहे, त्याच्या मागचा डोंगर त्यांच्याच मालकीचा, त्यांना विचारून, दोन उन्हाळे फावडी-टिकाव घेऊन आम्ही तिथे वाट काढली. १.४ किलोमीटर लांब, १८० मीटर उतार. जगातला प्रसिद्ध ट्रॅक म्हणजे स्कॉटलंडमधलं फोर्ट विल्यम, ते २.८ किलोमीटर आणि ५५५ मीटर उतार आहे, आणि मुख्य म्हणजे वर जायला केबल कार. आपल्याकडे केबल कार नाही, आपल्याकडे छोटा हत्ती आहे. गावातले एक काका त्यांचा टेम्पो घेऊन येतात, दिवसाचे २,५०० घेतात, त्याच्यात पाच सायकली बसतात, मध्ये जुन्या गाद्या घालतो म्हणजे फोर्कला चरे पडत नाहीत. डोंगराला मागून वळसा घालून वर जायला पंचवीस मिनिटं. एका दिवसात सहा फेऱ्या होतात, सातवी कधीतरी.

आणि इथे मी तुम्हाला माझा पहिल्या वर्षाचा हिशोब देतो, वहीत लिहिलेला आहे, तसाच. फुलफेस हेल्मेट १६,०००. गुडघे-कोपराचे पॅड ९,०००. स्प्रिंग ४,५००. बेअरिंग २,२००. दोन टायर १३,५००. ब्रेक पॅड चार जोड्या ५,६००. फोर्कची सर्व्हिस सील आणि मजुरी धरून ७,३००. ट्यूबलेसचं सीलंट १,८००. मागची रिम दगडावर आपटून चेपली, ती आणि स्पोक विणायची मजुरी ८,५००. टेम्पोचा माझा वाटा २२ दिवसांचा ११,०००. झाले ७९,४००. पेट्रोल आणि मिसळ धरलेली नाही. २२ दिवस, रोज सहा फेऱ्या, म्हणजे १३२ वेळा खाली आलो, एक फेरी तीन मिनिटांची. आख्ख्या वर्षात मी उतारावर होतो ते साडेसहा तास. एका फेरीला ६०० रुपये पडले, सायकलची किंमत सोडून. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हा आकडा निम्म्यावर आला कारण हेल्मेट-पॅड-स्प्रिंग परत घ्यावं लागलं नाही, पण टायर, ब्रेक पॅड आणि टेम्पो कधी सुटत नाहीत.

हे सगळं माहीत असून मी परत घेईन का? हो, उद्या घेईन.

का ते सांगायचा प्रयत्न करतो. आमच्या वाटेवर अर्ध्याच्या जरा खाली काळ्या पाषाणाच्या पायऱ्या आहेत, निसर्गानेच केलेल्या, आठ-नऊ, कुठली फूटभर कुठली दीड फूट, आणि त्याच्या आधी मुरूम. मुरूम म्हणजे फेब्रुवारीनंतर नुसत्या गोट्या असतात पायाखाली, तिथे ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन सरकतं. म्हणून ब्रेक जो काय मारायचा तो मुरूम लागायच्या आधी, मग बोट उचलायचं आणि सोडून द्यायचं. ते सोडणं फार अवघड आहे. शरीर ओरडत असतं दाब दाब म्हणून, आणि तुम्ही ठरवून बोट उचलता. टाचा खाली, छाती हँडलवर, नजर चाकापुढे नाही तर पायऱ्या संपतात तिथल्या करवंदाच्या जाळीवर. आणि मग सायकल खाली काम सुरू करते. पुढचं चाक खाली जातंय, वर येतंय, मागचं त्याच्या मागोमाग, खाली सगळी पळापळ चाललीये आणि डोकं मात्र एका रेषेत, शांत. घरात बसून टीव्हीवर डाउनहिलचा वर्ल्ड कप बघताना ते कधी कळलं नव्हतं की वर बसलेल्या माणसाला इतकं शांत वाटत असेल. ऑफिस, हप्ते, बॉसचा फोन, काही नसतं. तीन मिनिटं. खाली आल्यावर पहिल्या वर्षी माझ्या हातांना इतके गोळे यायचे की हेल्मेटचं बक्कल सुटायचं नाही, काका सोडवून द्यायचे.

हा खेळ सुरू झाला तोच मुळी असा. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत काही मुलं जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावायची, मागे पॅडल मारलं की लागणारा ब्रेक, तो एका उतारात इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि प्रत्येक वेळी नव्याने ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचंच नाव रिपॅक पडलं. तिथे त्यांच्यातल्याच गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा. बाबांना हे सांगितलं तर त्यांना लगेच पटलं, ग्रीस भरायचं काम त्यांनी स्वतः घरी केलेलं आहे. तिथून १९९३ ला डाउनहिलचा वर्ल्ड कप सुरू झाला, आणि आजही तिथे फेरी साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. पन्नास वर्षांत सायकल आरपार बदलली, तो तीन-चार मिनिटांचा हिशोब बदलला नाही.

आता पडण्याबद्दल. मी पडलोय, बऱ्याचदा, आणि एकदा वाईट. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, शेवटच्या फेरीला, दमलेलो असताना, वळणावर पुढचं चाक मुरमात सरकलं आणि उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवली, तीन महिने सायकल बंद. तेव्हापासून आमचा नियम आहे की शेवटची फेरी जाहीर करायची नाही, दमलो वाटलं की झालेली फेरी शेवटची. हेल्मेट डाउनहिलचंच घ्या, आत लेबलवर एएसटीएम एफ१९५२ असं लिहिलेलं बघा, आणि एकदा डोक्यावर आपटलं की ते बदला, बाहेरून कितीही चांगलं दिसू दे.

आणि विमा. माझ्या विमा कंपनीने आधी क्लेम नाकारला, साहसी खेळ चालत नाही म्हणून. दोन ईमेल, चार फोन, हातात प्लेट आणि डाव्या हाताने टाइप करतोय अशी अवस्था. शेवटी पॉलिसीचं पुस्तक उघडून वाचलं. तिथे जो साहसी खेळांचा अपवाद आहे, तो आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, सगळ्या आरोग्य विम्यांना ठरवून दिलेला मजकूर आहे, कोड एक्सेल ०९, आणि त्यात प्रोफेशनल म्हणून भाग घेतल्यास असे शब्द आहेत. मी काही व्यावसायिक खेळाडू नाही, नोकरदार माणूस आहे. ते वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं, पाच आठवड्यांनी पैसे मिळाले. तुमची पॉलिसी आजच उघडून ते कलम वाचून ठेवा, डॉक्टरांनाही पडलो कसा ते खरं आणि नीट सांगा.

पावसाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर आम्ही बंद ठेवतो. पाषाणावर शेवाळं धरतं आणि ओल्या मातीत चाकं घातली तर वाट चर पडून वाहून जाते. त्या दिवसांत फोर्क उघडायचा. रॉकशॉक्सचं म्हणणं आहे की खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी करा, आपले तेवढे तास भरत नाहीत, पण आपल्याकडची धूळ तासांचा हिशोब बघत नाही. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आतलं तेल काळ्या चहासारखं निघालं. टायरमध्ये सीलंट दर दोन महिन्यांनी बघा, पुण्याच्या उन्हात वाळून जातं, आणि बाभळीचा काटा कधी लागेल सांगता येत नाही. सीलंट ओलं असेल तर काटा ओढून काढल्यावर पांढरा फेस येऊन भोक तिथल्या तिथे बुजतं, सुकलेलं असेल तर डोंगराच्या मध्यावर सायकल खांद्यावर.

त्या मुलाला मी काय सांगितलं असतं? एकट्याने चालवायची असेल, दर रविवारी घरातून निघून घरी यायचं असेल, तर एन्ड्युरो घे. १६०-१७० मिलिमीटर ट्रॅव्हल असतं, चढता येतं, उतरताही येतं, पुण्याच्या आजूबाजूला दहापैकी आठ लोकांसाठी तीच बरोबर. डाउनहिल तेव्हाच घे जेव्हा तुझ्याकडे चार मित्र आहेत, एक टेम्पो आहे आणि परवानगीचा एक डोंगर आहे, कारण यातलं एक जरी नसेल तर दोन लाखाची वस्तू गॅलरीत चादर घालून उभी राहते, मी अशा तीन बघितल्यात. आणि सेकंडहँड बघायला गेलास तर फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरव, नख अडकलं तर तिथून तेल गळणार. मागचं चाक धरून आडवं हलव, खटखट आली तर बेअरिंगचे पैसे किमतीतून कमी कर. फ्रेमच्या वेल्डिंगवर मोबाइलचा टॉर्च मार, रंगात केसासारखी रेघ दिसली तर कितीही स्वस्त असू दे, उठून ये. आणि स्प्रिंगवरचा आकडा वाच.

आमच्यातला एकजण जानेवारीत बदली होऊन नागपूरला चाललाय. म्हणजे काकांच्या टेम्पोत चारच सायकली राहतील आणि वाटा पाचशेचा सव्वासहाशे होईल. जमीन आत्ता दिवाळीनंतर एकदम चांगली बसलीये, ओल आहे, धूळ नाही, संक्रांतीपर्यंत अशी राहील. पाचव्या सायकलीसाठी गादी तयार आहे.